सण १३ दिवसांचे, डबे ६८ दिवसांचे

(हे पत्र बेळगावातल्या वडगावहून आलंय. नाव छापू नका असं लिहिलंय, म्हणून नावाशिवाय देते. थोडं आटोपतं केलंय.)

बाई, सप्रेम नमस्कार.

आमचे घरचे चार माग आहेत. मालकांचं वय ५३. दोन वर्षांमागं त्यांना साखर निघाली. सकाळी नाश्त्याबरोबर ग्लिमेपिराइड आणि दोन्ही जेवणांनंतर मेटफॉर्मिन चालू आहे. आषाढात तपासलं तेव्हा तीन महिन्यांची साखर ७.१ आली होती, डॉक्टर खूश झाले. संक्रांतीला तपासलं तर ८.६. त्याच्या आदल्या वर्षीही असंच झालं. गणपती आले की आमचं वर्षभराचं केलेलं सगळं पाण्यात.

गेल्या दिवाळीला मी लाडवांचा डबा माळ्यावर लपवून ठेवला. तर हे बाहेरनं कुंदा आणून मागाजवळ बसून खात होते, झाडताना रिकामा पुडा सापडला. सासूबाई म्हणतात, "वर्षाचा सण हाय, त्याच्या तोंडातला घास काढू नको." पाव्हण्यांकडं गेलं की "एवढंच काय, घ्या की वो" म्हणत ताटात टाकतात. मी नको म्हटलं तर मीच वाईट. धाकटे दीर गोव्याला असतात. ते दसऱ्या-दिवाळीला आले की रात्री बाटली निघते. रोजची सवय नाही, खरं सांगते, पण त्या चार-सहा रात्री हे तीन-चार पेग घेतात आणि मग जेवत पण नाहीत. पाडव्याच्या रात्री घामानं अंथरूण भिजलं होतं, काहीबाही बडबडत होते. दीर म्हणाले, जास्त झालीय, झोपू दे. सकाळी उठले, ठीक होते.

मी घरात पोलीस होऊन थकले. उरलेलं टाकवत नाही म्हणून मीच संपवते, माझंही वजन वाढत चाललंय ते वेगळंच. यंदा गोडधोड करूच नये का? की पाव्हण्यांकडं जाणंच बंद करावं?

एक वाचक, वडगाव

ताई, नमस्कार.

गोडाचं नंतर बोलू. तुमच्या पत्रातलं पाडव्याच्या रात्रीचं वाक्य मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा पोटात खड्डा पडला. ती दारू जास्त झाल्याची लक्षणं नसावीत. साखर खाली गेल्याची असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते.

असं का म्हणते ते सांगते. आपण काही तास जेवलो नाही तरी रक्तातली साखर टिकते, कारण यकृत आपल्याकडची साठवलेली साखर सोडतं आणि नवीन तयारही करतं. पण दारू पोटात गेली की यकृत आधी तिचा निचरा करायला धावतं आणि साखर तयार करायचं काम मागं पडतं. त्यात ग्लिमेपिराइड ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते आणि तिचा असर दिवसभर राहतो. आता तिन्ही एकत्र धरा: सकाळची गोळी, रात्रीचे चार पेग, आणि जेवण नाही. साखर खाली जायची ती पितानाच जाईल असंही नाही. झोपल्यावर, पहाटे दोन-तीनलाही जाते. घाम फुटतो, हात थरथरतात, जीभ जड होते, माणूस असंबद्ध बोलतो. बघणाऱ्याला वाटतं, चढलीय.

माझ्या थोरल्या मामांचं असंच झालं होतं. खंडेनवमीची रात्र होती. मामी म्हणाल्या झोपू दे, आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. पहाटे हाक मारली तर ओ देईनात. दवाखान्यात नेलं तेव्हा त्या क्षणाची साखर ३४ होती, ती ७० च्या खाली जायला नको. मामा वाचले. पण मी तेव्हा आहारशास्त्र शिकून नोकरीला लागलेली मुलगी, त्याच घरात, पुढच्या खोलीत झोपले होते. ते घामेजलेलं कपाळ बघूनही मला सुचलं नव्हतं. म्हणून तुम्हाला इतकं कळवळून लिहिते आहे.

यंदा दीर येण्याआधी घरात ग्लुकोमीटर आणून ठेवा आणि बोटातून रक्ताचा थेंब कसा घ्यायचा ते मुलाला, दिराला, तुम्हाला, तिघांनाही येऊ दे. ७० च्या खाली आकडा आला, किंवा यंत्र हाताशी नाही पण घाम-थरथर दिसते आहे, तर शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच द्या, आणि सावरल्यावर भाकरी किंवा भात खायला लावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, घशात अडकतं. १०८ ला फोन करा. आणि पाडव्याची ती रात्र डॉक्टरांना जशीच्या तशी सांगा, पेग किती झाले त्यासकट. लाजेनं हे लपवलं की डॉक्टर गोळीचं प्रमाण चुकीच्या माहितीवर ठरवतात.

आता दारूबद्दल माझं म्हणणं स्पष्ट सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं आहे की आरोग्याला निर्धोक असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही. तुमच्या मालकांना तर या दोन गोळ्या चालू आहेत, आणि मेटफॉर्मिनवर भरपूर दारू घेणं वेगळ्या कारणानंही धोक्याचं, रक्तात आम्ल साठू शकतं. त्यांनी सोडावी हेच उत्तम. पण तुम्ही विचारलं आहे ते घरातल्या खऱ्या माणसाबद्दल, आणि तो माणूस दिवाळीला भावासोबत बसणार आहे. तेव्हा माप तरी माहीत असू दे. ३० मिलिलिटरचा छोटा पेग म्हणजे शुद्ध मद्यार्क साधारण १० ग्रॅम. शरीर तासाला सात ते दहा ग्रॅम निकालात काढतं, त्याहून वेगानं नाही. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, कशानंही तो वेग वाढत नाही. आपल्याकडं मोठा पेग ६० चा असतो. म्हणजे चार मोठे पेग घेतले तर २४० मिलिलिटर, ८० ग्रॅम, आणि आठ ते बारा तास यकृत त्यातच गुंतलेलं. रात्री अकराला संपवली तर सकाळी मागाचं बटण दाबतानाही ती अंगात आहे. मग गाडी चालवून कॅम्पात जायचं असेल तर विचारायलाच नको. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम एवढीच आहे.

दिराशी तुम्ही बोलू नका, मालकांनीही नको. फोन करून डॉक्टरांचं नाव सांगायचं काम मुलावर सोपवा: "काका, बाबांना गोळ्यांवर चालत नाही, गेल्या वेळी साखर पडली होती." पुतण्यानं सांगितलेलं काकाला लागत नाही. आणि तरीही बसायचं ठरलं तर जेवण आधी, पूर्ण जेवण, भाकरी-आमटीसकट. त्यानंतर एक छोटा पेग, हळूहळू, आणि बस्स. टेबलावर तळलेल्या मासळीच्या आणि खाऱ्या डाळीच्या जागी उकडलेल्या शेंगा ठेवा. आपल्या भागात त्या दिवसांत ओल्या शेंगा निघालेल्याच असतात, एक पातेलं लावलं की तासभर सोलण्यात जातो, आणि हात शेंगेत असला की ग्लासकडं कमी जातो. झोपायच्या आधी एकदा साखर तपासायची. ही अट दिरानं मान्य केली तर बाटली निघेल, नाहीतर नाही.

रोजची सवय नाही असं तुम्ही लिहिलंय, त्यावर मी विश्वास ठेवते. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी सकाळी हात थरथरतात म्हणून लागत असेल, तर तिथं सणापुरतं माप वगैरे उपयोगाचं नाही आणि एका दिवसात घरच्या घरी तोडणंही धोक्याचं, झटके येऊ शकतात. त्यांनी धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत जावं, इथून दीड-दोन तासांची वाट. किंवा आधी १४४१६ या टेली मानसच्या क्रमांकावर बोलावं. पैसे लागत नाहीत.

आता गोडाकडं येते.

तुम्ही विचारता, करूच नये का? करा, जरूर करा. माझं भांडण सणाच्या दिवसाशी नाही. तुम्ही एक करा, भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. गणेश चतुर्थीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत साधारण ६८ दिवस भरतात. त्यात खरे सणाचे दिवस किती? चतुर्थी, उंदरी, गौरीचं जेवण, विसर्जन, घरचा म्हाळ, खंडेनवमी, दसरा, कोजागिरी, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज, तुळशीचं लग्न. तेरा झाले. उरलेले ५५ दिवस साधे वार आहेत. मंगळवार, बुधवार. त्या दिवशी देवाला नैवेद्य नाही, पाव्हणे नाहीत. पण फडताळात डबा आहे. येता-जाता एक शंकरपाळा, चहाबरोबर दोन चकल्या, रात्री मागावरून येऊन अर्धा लाडू. ७.१ चे ८.६ त्या तेरा दिवसांत झाले नाहीत, ताई. ती तपासणीच मुळी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. एका पंगतीतल्या दोन शेंगापोळ्या सरासरीत बुडून जातात. ५५ साध्या दिवसांचं रोजचं थोडं थोडं मात्र बुडत नाही, तेच वर तरंगतं.

त्यामुळे तेरा दिवस मोकळ्या मनानं जेवू दे त्यांना. पानावर जे आहे ते, एकदा वाढलेलं. आणि साध्या वारी घरात डबाच नको. माळ्यावर नको, फडताळात नको. लपवलेला डबा माणसाला चोर बनवतो, तुम्ही ते बघितलंच आहे. डबा नसण्याचा उपाय एकच, कमी करणं. तुमच्या घरी दिवाळीला लाडू किती किलोचे होतात ते तुम्ही लिहिलं नाही, पण मागावर कामगार, शेजारी, माहेर, सगळ्यांना धरून आपल्याकडं तीन-चार किलो सहज होतात. जे द्यायचं आहे ते वेगळं बांधा आणि लक्ष्मीपूजनाच्या आत घराबाहेर काढा. घरासाठी अर्धा किलो. भाऊबीजेच्या संध्याकाळी डबे घासून पालथे पडलेले दिसले पाहिजेत.

आणि लाडू बांधताना मूठ लहान करा. मी परवा माझ्या स्वयंपाकघरात एक बेसनाचा लाडू काट्यावर ठेवला, नेहमीचा, आईच्या मापाचा. ४५ ग्रॅम भरला. माझं प्रमाण अर्धा किलो बेसनाला ४०० ग्रॅम साखर आणि पाव किलो तूप. म्हणजे त्या एका लाडवात साखर साधारण १५ ग्रॅम, तूप १० ग्रॅम, आणि कॅलरी दोनशेच्या वर. मग मी लिंबाएवढा बांधला, तो २२ ग्रॅमचा झाला. बशीत दोन्ही शेजारी ठेवले तर मोठा आधी उचलावासा वाटतो, हे खरं. पण बशीत नुसते छोटेच असले तर कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही. घरी आलेल्या चार बायकांना मी ते दिले. एकीनंही आकाराबद्दल काही म्हटलं नाही, वेलदोडा जास्त झालाय एवढं म्हणाल्या.

त्या १५ ग्रॅमच्या शेजारी आणखी एक हिशोब ठेवते. निरोगी माणसानंही वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवली तर चांगलं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. सणात तुम्ही दोघं पाच घरी गेलात, पाच कप चहा झाला, कपात दोन चमचे साखर. दहा चमचे, म्हणजे ४०-५० ग्रॅम. तीन मोठ्या लाडवांएवढी साखर, आणि लाडवाची चव एकदाही तोंडात नाही. हे मला फार वाईट सौदा वाटतो. चहा बिनसाखरेचा, आणि ज्या घरचा लाडू खरंच चांगला असतो त्या घरी एक लाडू. कुठल्या घरचा ते मालकांना बरोबर ठाऊक असणार.

कुंद्याबद्दलही सांगते, कारण मागाजवळचा पुडा डोळ्यांसमोरून जात नाही. कुंदा आपल्या गावाची ओळख आहे, मला स्वतःला फार आवडतो. दूध आटवून, खवा आणि साखर परतून परतून तो तपकिरी रंग येतो. आता 'शुगर फ्री' लिहिलेला कुंदाही मिळतो. त्यात घातलेली साखर नसली तरी दुधाची साखर आणि खव्याची चरबी तशीच असते, म्हणून 'हा चालतो' म्हणत पाव किलो संपवायचा नाही. गोकाकच्या करदंटाचंही तेच. डिंक-सुका मेवा आहे, गुळातला आहे, सगळं खरं, पण गूळ रक्तात साखरेसारखाच चढतो. घ्यायचा तर चमचाभर, जेवणानंतर, सगळ्यांसोबत बसून. एकट्यानं पुड्यातून कधीच नाही.

जेवायला बसल्यावर क्रमाचा उपयोग होतो, हा मला माझ्या कामात सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेला उपाय. आधी कोशिंबीर, उसळ, भरलं वांगं. मग भाकरी. गोड आणि भात सगळ्यात शेवटी. भाजी-डाळ आधी पोटात गेली की नंतरची साखर रक्तात हळू चढते. आपल्या पंगतीत गोड आधी वाढतात, म्हणून पानात असू दे, हात मात्र उसळीपासून सुरू करायचा. जेवून उठल्यावर पंधरा मिनिटं चालायचं. गणपतीत ते अवघड नाही, संध्याकाळी शहापूर-वडगावचे मंडप बघायला सगळं बेळगाव चालतच असतं, फक्त गाडी घरी ठेवायची. नवरात्रात पहाटे दौडीला जाणारी मंडळी तर रोज चालतात. दिवाळीच्या पाडव्याला सजवलेल्या म्हशी बघायलाही पायीच जाता येतं.

उपवासाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. मालक नवरात्रात नऊ दिवस धरत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. उपाशी पोटी ती सकाळची गोळी घेणं म्हणजे पुन्हा पाडव्याची रात्र. आणि साबुदाणा म्हणजे नुसता पिठूळपणा, त्यानं साखर भरकन वर जाते.

आता पाव्हण्यांचं. जाणं बंद करू नका, कृपा करून. ५३ वर्षांच्या माणसाला आजार झाला म्हणून घराबाहेरचं जग तोडलं तर तो आजार कडू होऊन बसतो. आग्रहाशी वाकडेपणा घ्यायची गरजही नाही, फक्त वेळ साधायची. आपल्याकडं पानात टाकणं पाप समजतात, त्यामुळे एकदा पडलं की संपवावंच लागतं. म्हणून बोलायचं ते पडण्याआधी. वाढणारी बाई दोन माणसं लांब असतानाच पानावर हात आडवा धरून म्हणायचं, "वहिनी, मला अर्धी पोळी, पण तूप तुमच्या हातचं घाला." मागून घेतलेल्या अर्ध्या पोळीवर कुणी रागावत नाही. 'नको' ऐकलं की बाईला लागतं, 'अर्धी' ऐकलं की बरं वाटतं, कारण मागून घेतलं. आणि हे वाक्य मालकांनी स्वतः म्हणायचं, तुम्ही त्यांच्या वतीनं नाही. तुम्ही म्हटलं की समोरच्या घराला वाटतं ही त्यांना उपाशी ठेवते. त्यांनी म्हटलं की पथ्याचा विषय तिथंच संपतो.

घरचा आग्रह आवरायचं काम मात्र मला सासूबाईंना द्यावंसं वाटतं. त्या म्हणतात तोंडातला घास काढू नको, त्यामागं माया आहे, आणि ती खरी आहे. ज्या बाईनं आयुष्यभर वाढूनच प्रेम दाखवलं, तिच्या हातातली पळी काढून घेतली तर तिनं काय करायचं? तिला मोजायला सांगा. "आत्ती, त्यांना तुमच्या हातची एकच शेंगापोळी मिळणार आहे यंदा, तेव्हा ती तुम्हीच करा आणि तुम्हीच वाढा." एकच म्हटल्यावर ती किती जीव लावून करतील बघा. शेंगदाणे कितपत भाजायचे, गूळ किती घालायचा, हे त्यांच्या हातात ज्ञान आहे, ते वाया जाऊ देऊ नका. आणि डॉक्टरकडं पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन जा. ८.६ म्हणजे काय, डोळ्यांच्या आणि किडनीच्या बारीक शिरांवर काय होतं, हे सुनेकडून ऐकणं वेगळं आणि टेबलापलीकडून ऐकणं वेगळं. डॉक्टर कन्नडमध्ये सांगतील किंवा मराठीत, आईला आकडा कळतो.

पोलीसगिरी आजपासून सोडा. ती तुमच्यानं निभली नाही याचं कारण तुमची चिकाटी कमी पडली असं नाही. मोठ्या माणसाच्या तोंडावर दुसऱ्याला पहारा ठेवताच येत नाही. तुमच्या हातात आहे ते घरात काय येतं, किती शिजतं आणि पानाला काय लागतं. मागाजवळ बसून काय खायचं ते त्यांच्या हातात. हे वाक्य त्यांना एकदा शांतपणे सांगा, सकाळी, चहाच्या वेळी, ताटावर बसलेले असताना नाही. ग्लुकोमीटरही त्यांच्याच हातात द्या. एखाद्या साध्या बुधवारी कुंदा खाऊन दोन तासांनी त्यांनी स्वतः आकडा बघितला, तर तो आकडा तुमच्या दहा भांडणांहून जास्त बोलेल. बघितला की रागावू नका. वहीत लिहून ठेवू दे त्यांना.

गणपतीच्या आधी एकदा तीन महिन्यांची साखर करा आणि तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा. संक्रांतीपर्यंत थांबू नका, लग्नसराई आणि सौंदत्तीची यात्रा मध्ये येते, मग कशानं काय वाढलं ते कळत नाही.

आणि ताई, आता तुमचं. एवढ्या लांब पत्रात स्वतःबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, तेही "ते वेगळंच" म्हणून बाजूला सारलेलं. उरलेलं टाकवत नाही म्हणून तुम्ही संपवता. ताटातलं त्यांचं पथ्य तुमच्या पोटात जातंय. रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर ओट्यापाशी उभ्या उभ्या पातेल्यातला शेवटचा घास खाल्लेल्या किती बायका मी बघितल्यात, आणि चाळिशी-पंचेचाळिशीत त्यांचीच साखर अचानक निघालेली बघितली आहे. कुणी तपासलीच नव्हती म्हणून अचानक. उरणारच नाही एवढंच शिजवा, आणि तरी उरलं तर गल्लीतल्या गायीला घाला, कामावरच्या बायकांना आधीच डब्यात द्या, पण तुमचं पोट ही टाकायची जागा नव्हे.

मालकांची तपासणी करायला जाल त्या दिवशी तुम्हीही सकाळी काही न खाता जा. उपाशीपोटी शंभरच्या आत आली तर उत्तम, १०० ते १२५ मध्ये आली तर आत्ताच हातात आहे तोवर सावरता येतं, १२६ किंवा वर आली तर डॉक्टर पुन्हा एकदा करून खात्री करतील. रक्तदाबही बघून घ्या. दोघांचे कागद एकाच फाइलमध्ये लावा.

तुमचा आकडा काय आला ते मला कळवा. मालकांचा नाही कळवला तरी चालेल.